पिकअपच्या मागच्या चाकांचे लायनर : मे ते ऑक्टोबर २०२५ मधील कामाच्या नोंदी

गाडी २०१९ ची, दुहेरी केबिनची मालवाहू पिकअप असून टायर २४५/७० आर १६ मापाचे आहेत. घर नाशिकमधील म्हसरूळला आणि द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात असल्यामुळे रोजची फेरी दिंडोरी रस्त्याने होते आणि शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीच्या शिवाररस्त्याने. ही नोंद अशाच वापरातील गाडीला लायनर, म्हणजे चाकाच्या कमानीला आतून लावायचे संरक्षक अस्तर, बसवू पाहणाऱ्यांसाठी लिहिली आहे. केवळ डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला एवढा खटाटोप बहुधा करावा लागणार नाही.

रविवार, ११ मे

यंदा मे महिन्यातच अवकाळी पाऊस सुरू झाल्याने शिवाररस्ता चिखलात गेला आणि गाडी नेहमीपेक्षा महिनाभर आधी धुवायला काढावी लागली. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीखाली हात घातला तेव्हा कमानीच्या दुमडलेल्या कडेत बोटभर जाडीची वाळलेली माती दगडासारखी बसलेली आढळली, आणि ती उकरताना मातीबरोबर रंगाचा पोपडाही निघून आला. त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा गंज होता. तो आरपार गेलेला नव्हता, परंतु आणखी दोन पावसाळ्यांत नक्की गेला असता.

दोन्ही मागच्या कमानींमधून निघालेली माती पुतण्याने द्राक्षे मोजण्याच्या काट्यावर ठेवली. डावीकडून २.६ किलो आणि उजवीकडून २ किलो, अशी एकूण ४.६ किलो माती आम्ही किती महिने वाहत होतो कोणास ठाऊक. हे वजन करणे त्या वेळी गंमत म्हणून झाले, परंतु पुढे कामाचा निकाल ठरवायला तोच एक विश्वासार्ह आकडा हाती राहिला.

बुधवार, १४ मे

दोन्ही मागची चाके काढून नीट पाहणी केली. पुढच्या चाकांना कारखान्यातूनच प्लॅस्टिकचे लायनर आलेले आहेत आणि त्यांच्यामागचा पत्रा सहा वर्षांनंतरही जवळजवळ नवा आहे. मागे मात्र लायनर नाही. हौद्याची आतली भिंत आणि बाहेरचा रंगीत पत्रा यांच्यामध्ये चाकाच्या पुढे एक व मागे एक असे दोन उघडे खिसे राहतात आणि चाकाने उडवलेला सगळा चिखल याच खिशांत जाऊन बसतो. मागच्या खिशात मोठी ढेकळे सापडली, तर पुढच्या खिशात बारीक राड्याचे थरावर थर चढलेले होते. चाक फिरताना टायरची मागची बाजू वर उचलली जाते आणि माथा पुढे धावतो, हे डोळ्यांसमोर आणले की कोणता माल कोठे जातो याचा उलगडा होतो.

आमच्या गाडीत आणखी एक भर आहे. हौद्यातून खतांच्या गोण्या आणि फवारणीचे ड्रम जातात, आणि सांडलेले खत किंवा बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) धुण्याच्या पाण्याबरोबर हौद्याच्या भोकांतून खाली उतरते. ओली काळी माती पत्र्याला धरून बसलेली, त्यात खताचे क्षार आणि मोरचुदाचे तांबे; गंजाला याहून अधिक काही लागत नाही.

शनिवार, १७ मे आणि रविवार, १८ मे

हे दोन दिवस केवळ पर्याय पाहण्यात गेले. सारडा सर्कल परिसरातील सुट्या भागांची दुकाने, अंबड औद्योगिक वसाहतीजवळील गॅरेजे आणि भंगाराची दोन ठिकाणे मी पाहिली.

पहिला पर्याय साचेबद्ध आयात लायनरचा होता. अमेरिकेत फोर्ड, शेव्हरोले, रॅम अशा पिकअपसाठी खास मागच्या चाकांचे लायनर तयार मिळतात आणि ते चांगले असतातही, परंतु प्रत्येक नमुना त्या त्या गाडीच्या कमानीवर बेतलेला असतो. आमच्या गाडीची कमान त्यांच्याहून लहान आहे. एका विक्रेत्याने वाहतूक व कर धरून २८,००० रुपये सांगितले आणि "थोडे कापून बसवून घ्या" असा सल्लाही दिला. कापूनच बसवायचे असेल तर २८,००० रुपये कशासाठी मोजायचे, हे मला समजले नाही.

दुसरा पर्याय आलिशान गाड्यांच्या मागच्या चाकांना असते तशा नमद्यासारख्या दाबलेल्या धाग्याच्या लायनरचा. यामुळे खड्यांचा आवाज कमी होतो, हे खरे आहे. भंगारातून तसा एक जुना तुकडा आणून फूटभर चौरस कापला. कोरडा असताना तो ११० ग्रॅम भरला. मग बागेतील मातीच्या राड्यात बुडवून अर्धा तास टांगून ठेवल्यावर ३९० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो आतून ओलाच होता. लाल मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्याच्या भागात तो चालेल, परंतु काळ्या मातीत आपण पत्र्याला ओले कांबळे पांघरतो आहोत असे होईल, म्हणून तो बाद केला.

तिसरा, ॲल्युमिनियमच्या नक्षीदार पत्र्याचा पर्याय गॅरेजच्या मिस्त्रींनी आग्रहाने सुचवला. दिसायला तो भक्कम असतो. मात्र खडा लागला की तो डब्यासारखा वाजतो, आणि ॲल्युमिनियम व लोखंड ओल्या क्षारयुक्त मातीत एकमेकांना चिकटून राहिले की तेथे झीज सुरू होते. कन्व्हेअरच्या जुन्या रबरी पट्ट्याचा चौथा पर्याय स्वस्त होता, पण त्याचे वजन पाहून तो सोडला; असा पट्टा सुटून चाकात आला तर काय होईल याची कल्पना करवेना.

लायनर न बसवता केवळ अंडरकोट, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्यावर मारायचा गंजरोधक लेप, मारून घ्यावा, असे मी विचारलेल्या चौघांपैकी तिघांचे मत पडले. अंडरकोट आवश्यक आहे, परंतु तो खिशात माती साठण्याचे थांबवत नाही, आणि खडीच्या माऱ्याने जेथे तो फुटतो तेथे त्याच्याआड पाणी शिरून गंज दिसेनासा होतो.

अखेरीस एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिलीन) हे प्लॅस्टिक नक्की केले. ते पाणी शोषत नाही, खते आणि बोर्डो यांना दाद देत नाही, थंडीत तडकत नाही, आणि काळ्या मातीचा पोपडा वाळला की त्यावरून सहज सुटतो. याच प्लॅस्टिकचे २०० लिटरचे निळे ड्रम प्रत्येक बागेत पडलेले असतात. येथेच माझ्या डोक्यात स्वस्ताईची कल्पना शिरली.

रविवार, २५ मे

लायनरआधी गंजाचे काम केले. तारेच्या ब्रशने घासून, गंज बदलणारे फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण लावून, जस्ताच्या प्रायमरचे दोन हात दिले, सांध्यांत सीलंट भरला आणि वरून अंडरकोट मारला. साहित्य व मजुरी मिळून २,३५० रुपये झाले.

चूक अशी झाली की प्रायमर पुरता वाळण्याआधीच अंडरकोट मारण्याची घाई केली, कारण आभाळ भरून आले होते. रात्री पाऊस झाला, हवेतील ओल वाढली आणि दुसऱ्या दिवशी डाव्या कमानीवरचा अंडरकोट बोटाने सरकत होता. सोमवारी, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, एवढा यंदा तो लवकर आला. डावी बाजू खरवडून पुन्हा करावी लागली आणि त्यात चार दिवस गेले. हे काम मार्चमध्ये करावे. मार्चमध्ये द्राक्षांच्या काढणीतून कोणत्या बागायतदाराला वेळ मिळतो, हा वेगळा प्रश्न आहे.

रविवार, १ जून

निर्यातीच्या द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या उलगडून कमानीचे नमुने कापले. पुठ्ठा एका दिशेने सहज वाकतो आणि आडवा वाकत नाही, त्यामुळे कमानीसाठी तो कागदापेक्षा बरा. डाव्या बाजूला पुढच्या खिशातून डिझेल भरण्याची नळी जाते आणि मागच्या खिशाजवळून दिव्यांच्या वायरींचा जुडगा जातो, म्हणून डावा व उजवा नमुना स्वतंत्र काढावा लागला. डाव्याचा नमुना उलटा करून उजव्याला वापरावा, असे मला वाटले होते. ते पुठ्ठ्यावरच कळले हे नशीब.

रविवार, ८ जून

वापरलेला निळा ड्रम ९०० रुपयांना आणला. त्यात आधी काय होते हे विचारून घेणे आणि तो तीन पाण्यांनी धुणे अत्यावश्यक आहे. ग्राइंडरने कापायला गेलो तर चकतीच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळून कापाच्या मागे पुन्हा चिकटू लागले. जिगसॉला मोठ्या दात्यांचे पाते लावून कमी वेगाने कापल्यावर कड स्वच्छ आली.

ड्रमचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर, तर आमच्या कमानीचा साधारण ९० सेंटिमीटर. म्हणजे ड्रमचा तुकडा उघडून ताणून बसवावा लागतो. एक सलग पट्टी ताणताना हाताला जड जात होती, म्हणून प्रत्येक चाकासाठी दोन तुकडे केले आणि कमानीच्या मागच्या उतारावर त्यांचा सांधा घेतला. कौलारू घराच्या सवयीने वरचा तुकडा खालच्यावर चढवला, म्हणजे पाणी वरून खाली ओघळून जाईल. खालच्या कडेला चिखल आत शिरू नये म्हणून सीलंटची जाड रेघ ओढून ती बंद केली. क्लिपा, बोल्ट आणि वायसर यांचे ४६० रुपये झाले. सायंकाळी निळ्या लायनरची गाडी दारात उभी होती आणि घरच्यांनी ती पाण्याच्या टाकीसारखी दिसते असे सांगितले.

रविवार, १५ जून

पहिल्या लायनरचा आज निकाल लागला.

गुरुवारी खताच्या गोण्या घेऊन बागेकडे जाताना पहिल्याच गतिरोधकावर मागून कर्कश खरखर ऐकू आली. दुसऱ्या गतिरोधकावर प्लॅस्टिक घासल्याचा वास आला. उतरून पाहिले तेव्हा उजव्या टायरने लायनरच्या माथ्यावरील बोल्टचे डोके चकाकेपर्यंत घासले होते. टायरला केवळ ओरखडा आला, परंतु तोच बोल्ट टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीला लागला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. त्यानंतर बागेपर्यंत पंधराच्या वेगाने गेलो.

आज लायनर काढले तेव्हा आणखी दोन चुका उघड झाल्या. पहिली कौलांची. पाऊस वरून पडतो, म्हणून कौले वरचे खालच्यावर चढवलेली असतात. येथे मात्र मागच्या उतारावर चिखल खालून वर येतो. वरच्या तुकड्याची खाली तोंड केलेली कड त्या माऱ्यासमोर फावड्यासारखी उभी राहिली आणि तिने चिखल आत ओढून घेतला. तुकडे उलटे चढवावेत, तर वरून ओघळणारे पाणी सांध्यातून आत जाते. म्हणजे मागच्या उतारावर सांधा कोणत्याही रीतीने बरोबर येऊ शकत नाही. तेथे सलग तुकडाच हवा.

दुसरी चूक अधिक वाईट होती. सांध्यातून आत गेलेल्या चिखलाला खालून बाहेर पडायला जागाच नव्हती, कारण मीच ती सीलंटने बंद केली होती. सात दिवसांत दोन्ही बाजूंना मिळून ९०० ग्रॅम ओली माती पत्र्यालगत साठली होती. लायनर नसताना ती निदान वाऱ्याने वाळत तरी असे.

रविवार, २२ जून

मापे नव्याने घेतली, आणि या वेळी गाडी भरून. १६ गोण्या म्हणजे ८०० किलो असा हिशेब करून गोण्या चढवल्या, आणि मग पुतण्याने लक्षात आणून दिले, "काका, या युरियाच्या आहेत, ४५ किलोच्या." म्हणजे वजन ७२० किलोच झाले होते. दोन गोण्या आणखी चढवून ८१० किलो केले आणि माप घेतले.

टायरचा माथा आणि कमानीचा पत्रा यांच्यामध्ये रिकाम्या गाडीत १७ सेंटिमीटर अंतर आहे. भरलेल्या गाडीत ते साडेनऊ सेंटिमीटर राहते. त्यानंतर भरलेल्या गाडीचे उजवे मागचे चाक बागेच्या बांधावर चढवले आणि डावे खाली ठेवले, तेव्हा उजवीकडे केवळ ५ सेंटिमीटर उरले, आणि टायरचा माथा आतल्या बाजूला थोडा कलला तो वेगळाच. पाट्यांवर तोललेल्या सलग अॅक्सलचे वागणे असेच असते. एक चाक उचलले की दोन्ही चाकांचा कल बदलतो. माझा पहिला लायनर पत्र्यापासून ३ सेंटिमीटर खाली लोंबत होता आणि त्यावर सेंटिमीटरभर उंचीचा बोल्ट होता, म्हणजे खड्ड्यातील धक्क्यासाठी फक्त एक सेंटिमीटर शिल्लक होता.

आपली गाडी मोजताना हे बांधावरचे माप जरूर घ्यावे. चाकाला पुढे-मागे पाचर लावावी आणि मोजणाऱ्याने कमानीत डोके घालू नये. काठीला खुणा करून ती बाहेरून सरकवली तरी माप मिळते.

ड्रमचा तुकडा खाली का लोंबला, हेही आज समजले. घट्ट गोलाईचा तुकडा ताणून उघडला की तो पुन्हा आकसू पाहतो, आणि आकसताना त्याची दोन्ही टोके चाकाकडे ओढली जातात. त्याला पत्र्याशी धरून ठेवायला जितके बोल्ट लावावेत तितके कमीच पडतात.

शनिवार, २८ जून

अंबडला मुलामा देणाऱ्या कारखान्यांसाठी प्लॅस्टिकच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. काळ्या एचडीपीईचा आठ बाय चार फुटांचा, ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा साडेआठ किलोच्या आसपास भरतो. त्याचे १,६५० रुपये झाले. काळाच रंग घेतला, कारण त्यातील काजळी उन्हापासून प्लॅस्टिकचे रक्षण करते. आमच्या बागेतील निळे ड्रम चार-पाच उन्हाळ्यांत पांढुरके पडून तडकतात.

मला ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा हवा होता. कारागीर म्हणाले, "भाऊ, टाकी करायची आहे का आपल्याला? हा वाकवून पाहा." पाच मिलिमीटरचा तुकडा दोघांनी जोर लावूनही मनासारखा वाकला नाही, आणि तीनचा मी एकट्याने कमानीच्या आकारात धरला. हातात धरलेला तो तुकडा सारखा सरळ होऊ पाहत होता, आणि तेव्हा एकदम लक्षात आले की सपाट पत्रा कमानीत वाकवून बसवला तर तो स्वतःच बाहेरच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे, रेटत राहील. ड्रम चाकाकडे ओढत होता. हा चाकापासून दूर पळणार होता. त्यामुळे माथ्यावर एकही बोल्ट लावण्याची गरज उरली नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. हे प्लॅस्टिक उन्हाने बरेच वाढते. दीड मीटर लांबीच्या तुकड्यात ४० अंशांच्या फरकाने ८-९ मिलिमीटरची वाढ धरावी, म्हणून बोल्टचे भोक गोल न ठेवता लांबट ठेवावे आणि बोल्ट आवळून टाकू नये. गोल भोकांत घट्ट आवळलेला पत्रा दुपारी लाटांसारखा फुगतो आणि ती लाट चाकाकडेच येण्याची शक्यता असते.

पुढच्या व मागच्या खिशांना झाकणाऱ्या उभ्या बाजू गरम हवेच्या वेल्डिंगने मुख्य पट्टीला जोडल्या. हे प्लॅस्टिक कोणत्याही साध्या डिंकाने चिकटत नाही. मी दोन प्रकारचे डिंक घरी वापरून पाहिले होते आणि दोन्ही नखाने सोलून निघाले. मजुरी १,४०० रुपये.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी असल्याने पुतण्याचा उपास होता, तरी साबुदाण्याच्या खिचडीवर त्याने दिवसभर साथ दिली.

प्रत्येक बाजूला सात ठिकाणी जोडणी केली : मडफ्लॅपची आधीची दोन भोके, कमानीच्या कडेवर तीन क्लिपा आणि आतल्या बाजूला हौद्याखालच्या आडव्या पट्टीतील दोन भोके. कडेवरील तिन्ही भोके नवीन पाडावी लागली. भोक पाडले की उघडा पडलेला पत्रा तेथूनच गंजू लागतो, म्हणून प्रत्येक भोकाला जस्ताचा प्रायमर लावून तो या वेळी रात्रभर वाळू दिला. पत्र्यात थेट घुसणारे स्क्रू जाणीवपूर्वक टाळले. आतल्या पट्टीत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात पक्के बसणारे आट्याचे नट) बसवले. बोल्ट व नट मिळून ३८० रुपये.

खालची कड या वेळी पूर्ण मोकळी ठेवली आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात तीन बोटे जातील एवढी खाच कापली. पाहणाऱ्याला ते काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते. गाडी पुन्हा १८ गोण्यांनिशी बांधावर चढवली. लायनर आणि टायर यांत कमीत कमी साडेतीन सेंटिमीटर जागा राहिली.

उजव्या बाजूला सायलेन्सरच्या नळीचे टोक लायनरपासून १४ सेंटिमीटरवर आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी जळून साफ होते तेव्हा धूर नेहमीपेक्षा बराच तापतो. अशा गाडीत हे अंतर आधी पाहावे, कारण एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळते.

रविवार, २० जुलै

दोन आठवड्यांत सुमारे ७०० किलोमीटर झाले. खरखर नाही, वास नाही. खड्यांचा आवाज आधीपेक्षा जाड झाला आहे, पण कमी झाला आहे असे म्हणवत नाही. दोन क्लिपा गळून पडल्या, दोन्ही उजव्या बाजूच्या; कडेचा पत्रा तेथे दुहेरी आहे आणि क्लिपेची मान त्या जाडीला आखूड पडली. लांब मानेच्या क्लिपा बसवल्या.

रविवार, १७ ऑगस्ट

लायनर काढून पाहिले. एका बाजूला पाना आणि जॅक धरून ३५ मिनिटे लागतात. चाक काढल्याशिवाय आतले दोन बोल्ट निघत नाहीत. उजवी बाजू उत्तम होती. डाव्या बाजूला पुढच्या खिशात पत्र्यावर पांढरट थर दिसला आणि मनात चर्र झाले. थर जिभेला लावून पाहण्याचा मोह आवरला, पण वासावरून तो खताचाच होता. हौद्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातील पाणी जाण्याचे भोक बरोबर लायनरच्या वर उघडते, त्यामुळे हौदा धुतलेले सगळे पाणी लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये उतरत होते. बाहेरून येणारा चिखल मी अडवला आणि वरून येणाऱ्या पाण्याची वाट विसरलो.

उपाय बागेतच होता. ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरल नळीचा हातभर तुकडा, ज्याला ड्रिपर नाहीत असा, भोकाला ग्रोमेटमधून (भोकात बसणाऱ्या रबरी कड्यातून) जोडला आणि लायनरच्या पुढून खाली सोडला. खर्च शून्य. पत्रा साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, त्यावर मेणाचा फवारा मारला. आता हौदा धुताना त्या नळीतून धार पडते का, हे पाहण्याची सवय लावून घेतली आहे, कारण तिच्यात पालापाचोळा अडकतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

गोडी छाटणीच्या (फळांसाठी ऑक्टोबरात होणाऱ्या द्राक्षवेलींच्या छाटणीच्या) धावपळीतून सकाळ काढली आणि दोन्ही लायनर उतरवले. पुतण्याने पुन्हा तोच काटा आणला. दोन्ही बाजूंची मिळून ३१० ग्रॅम माती निघाली. त्यातील बहुतेक डाव्या बाजूला डिझेलच्या नळीभोवती ठेवलेल्या फटीत होती; ती फट मी नळी हलते म्हणून दोन सेंटिमीटर ठेवली होती, आणि नळी प्रत्यक्षात अर्धा सेंटिमीटरही हलत नाही. मे महिन्यात दुरुस्त केलेल्या जागी नवा गंज नाही. लायनर पुन्हा बसवल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तीन वाजता हात लावून पाहिले तेव्हा डाव्या लायनरच्या मधल्या भागात किंचित फुगवटा होता, कारण एक बोल्ट मी सवयीने आवळून टाकला होता. तो अर्धा आटा सैल करताच पत्रा टक्क आवाज करून जागेवर बसला.

एकूण खर्च ७,१४० रुपये झाला. त्यातील ९०० रुपयांचा ड्रम आणि पहिल्या क्लिपा-बोल्टांचे सुमारे ३०० रुपये वाया गेले. ड्रमच्या उरलेल्या बुडाचे गायींसाठी पाणी पिण्याचे टोपले झाले आहे. काळ्या पत्र्याचा हातभर तुकडा शिल्लक आहे. डिझेलच्या नळीभोवती त्याची बांगडी कापून बसवायची आहे, परंतु ते काम आता छाटणी आणि डोळे फुटण्यासाठी काड्यांना पेस्ट लावणे उरकल्यावर.